कुत्रा तेवढा पूर्ण झालाय

आमच्या बैठकीच्या खोलीतल्या चित्रात सगळ्यात पूर्ण झालेला कोण असेल, तर तो कुत्रा. कानाच्या आतला गुलाबी रंग, नाकावरची ओलसर चमक, बरगड्यांखालची सावली, शेपटीच्या टोकाचे चार पांढरे केस, सगळं जिथल्या तिथे. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, तागाच्या रिकाम्या पोत्यावर तो अंगाचं मुटकुळं करून झोपलाय. त्याच्या खालोखाल दिवाणजींचा नंबर. ते गाळ्याच्या ओट्यावर गादीवर बसून वहीत काहीतरी उतरवून घेतायत. चष्म्याची काडी, खिशातली दोन पेनं, टकलावर पडलेला ट्यूबलाइटचा उजेड, कशात म्हणून कसर नाही. तिसरा ट्रकचा ड्रायव्हर. तो स्वतः दिसत नाही, केबिनच्या खिडकीतून बाहेर आलेला त्याचा पाय दिसतो. पण तेवढा पाय टाचेच्या भेगांसकट रंगवलाय. खडू हातात घेऊन उभा असलेला मुकादम कमरेपर्यंत रंगीत आहे, कमरेखाली नुसत्या करड्या रेघा.

आणि ज्यांच्यासाठी हे चित्र काढायला घेतलं होतं ते सहा हमाल? पहिल्याला पाठ आहे, डोकं नाही. दुसऱ्याला डोकं आहे, पण चेहऱ्याच्या जागी एक उभी आणि एक आडवी रेघ. तिसऱ्याची एक पोटरी तेवढी रंगवलेली. चौथा आणि पाचवा एकमेकांत असे मिसळलेत की चार पायांपैकी कुठले दोन कुणाचे याचा निवाडा आजवर झालेला नाही. सहावा म्हणजे एक तिरकी रेघ आणि तिच्यावर एक लांबट गोल. पोतं असावं.

हे चित्र माझ्या बायकोच्या मामांनी काढलं. काढलं म्हणजे काढायला घेतलं. मामा एका तालुक्याच्या गावी हायस्कुलात ड्रॉइंगचे मास्तर होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवणं हा त्यांचा उभ्या हयातीतला उद्योग. स्थिरचित्राला ते मडकं, दोन लिंबं आणि मागे चुण्या पडलेलं एक फडकं मांडत. यातलं मडकं कधी उठून गेलं नाही आणि लिंबांना कधी घाई नव्हती. स्मरणचित्राला ठरलेले विषय: बस स्टॉप, नदीचा घाट, भाजी बाजार. तीन-चार मानवाकृती हव्यातच, म्हणून मुलं एक फुगेवाला, एक टोपलीवाली आणि एक हातगाडीवाला घोकून ठेवत, आणि विषय कुठलाही आला तरी तेच तिघे कागदावर हजर होत. नदीच्या घाटावर हातगाडी कशाला, असं परीक्षकांनी कधी विचारलं नसावं. आयुष्यभर पोरांकडून आठवणीतला बाजार काढून घेतल्यावर, निवृत्तीनंतर मुलाकडे पुण्यात बिबवेवाडीला राहायला आलेल्या मामांना वाटलं, आपणही एकदा खरा बाजार बघावा. मार्केट यार्ड हाकेच्या अंतरावर. भुसार विभागात त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा गाळा होता. तिथल्या ओट्याच्या पायरीवर बसायला जागा मिळाली.

जागा मिळाली ती अटींसकट. मामांच्या डोक्यात जलरंग होते. सरसर दोन हात मारले की पाठ उभी, अशी त्यांची योजना. विद्यार्थी नम्रपणे म्हणाला, "सर, बसा कितीही वेळ, पण पाण्याचा डबा नको. शेजारी साखर आहे." बरं, मग कोळसा? कोळशाच्या कांडीने पाच मिनिटांत माणूस पकडता येतो. विद्यार्थ्याने काही न बोलता दुसऱ्या बाजूला बोट दाखवलं. तिकडे साबुदाणा होता. अशा रीतीने, कलेच्या इतिहासात बऱ्याचदा होतं तसं, माध्यमाची निवड व्यापाऱ्याने केली. मामांनी नातवाची चोवीस रंगीत पेन्सिलींची पेटी उचलली, टोकं काढल्यावर साली टाकायला चष्म्याची रिकामी डबी घेतली आणि ते जाऊन बसले.

रंगीत पेन्सिल ही लहान मुलांची वस्तू आहे असा आपला समज, कारण ती आपल्याला लहानपणीच भेटते आणि तेव्हाच सुटते. खरं तर ती संन्याशाने वापरावी अशी वस्तू आहे. तिच्या आतली कांडी म्हणजे रंगाची पूड, मेण आणि पांढऱ्या मातीसारखी भर. साध्या पेन्सिलीतलं शिसं भट्टीत भाजून कडक करतात. रंगीत कांडी भाजली तर रंगाचीच वाट लागेल, म्हणून तिला नुसती वाळवतात. त्यामुळे ती मऊ आणि नाजूक. पायरीवरून एकदा खाली पडली की बाहेरून धडधाकट आणि आतून चार ठिकाणी मोडलेली. टोक करायला घ्यावं तर दर खेपेला टोक निघून हातात. रंगही एकदम चढत नाही. हलक्या हाताने एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. घाई करून दाबली की कागदावर मेणाचा गुळगुळीत पापुद्रा बसतो आणि मग कागद पुढचा रंग घ्यायलाच तयार होत नाही. पांढरं जे काही असेल ते कागदाचं, म्हणजे आधीपासून राखून ठेवायचं. (पेटीतली पांढरी पेन्सिल कशासाठी असते हे कोडं मला शाळेपासून सुटलेलं नाही. जूनमध्ये जेवढी असते तेवढीच ती एप्रिलमध्ये असते.) आणि चुकलं तर खोडरबराने ते फिकट होतं, जात नाही. अशा साधनाने पोती वाहणाऱ्या हमालांचं चित्र काढायला बसणं म्हणजे धावत्या एसटीला रंग देणं.

मामा चित्र काढत होते तेवढ्या वेळात समोर काय झालं त्याचा हिशेब करून बघितला. ट्रकमध्ये दहा टन माल. पन्नास किलोचं एक पोतं, म्हणजे दोनशे पोती. एके काळी हेच पोतं शंभर किलोचं असायचं, ते पन्नासवर आणायला हमालांच्या संघटनांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. दोनशे पोती सहा जणांत वाटली तर प्रत्येकाच्या पाठीवरून दीड टनाच्या वर वजन फाळक्यापासून गाळ्यात गेलं. या काळात मामांच्या हातून झाला तो एक कुत्रा, एक दिवाणजी, अर्धा मुकादम आणि एक पोटरी.

मी सुरुवातीला हे चित्र बघायचो तेव्हा मला त्यात मामांचा नेहमीचा कारभार दिसायचा. मामींचंही तेच मत. त्यांच्या गॅलरीचा कठडा अर्धा निळा आणि अर्धा गंजाच्या रंगाचा आहे, आणि "ह्यांची सगळी कामं अशीच" या त्यांच्या वाक्याला तो कठडा कायमचा साक्षीदार. पण रोज सकाळी चहा पिताना समोर असल्यामुळे चित्र हळूहळू वेगळं दिसायला लागलं. मामांनी कुणाला आधी रंगवायचं, कुणाला नंतर, असं काहीही ठरवलेलं नव्हतं. जो हलला नाही तो रंगला, एवढाच नियम. आणि हलला कोण नाही? हमाली नगावर असते. पोतं हललं तर पैसा, माणूस थांबला तर पैसाही थांबला. दिवाणजी महिन्याच्या पगारावर. मुकादम टोळीतलाच, पण मोजणीचं काम त्याच्याकडे, म्हणून अर्धा वेळ उभा आणि अर्धा वेळ चालता; चित्रातही तो बरोबर अर्धाच उतरलाय. ड्रायव्हर रात्रभर गाडी हाकून आलेला, माल उतरेपर्यंत त्याची झोप हक्काची. कुत्रा बिनपगारी. म्हणजे त्या कागदावर रंग कुठे किती बसलाय ते बघून कुणाचा पगार कसा ठरतो ते सांगता येतं. १९६९ च्या माथाडी कायद्याने या कामाला मंडळ, नोंदणी आणि भविष्य निर्वाह निधी दिला, पण नगाला नगच राहू दिलं. त्यामुळे चित्रकाराची अडचण कायद्याने सुटलेली नाही.

मी स्वतः जन्मभर बँकेत होतो. मामा आमच्या शाखेत पॅड घेऊन बसले असते तर चारही कडांपर्यंत रंगलेलं, दोन हात वार्निश मारलेलं चित्र घेऊन उठले असते. विशेषतः जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासात.

पॅरिसमध्ये एकदा असंच झालं होतं. फोटोग्राफी नुकती जन्माला येत होती तेव्हाची, १८३८ ची गोष्ट. लुई दागेरने आपल्या खिडकीतून खालच्या बुलव्हार द्यु ताँप्ल या रस्त्याचा फोटो घेतला. रस्ता सकाळच्या वर्दळीचा. घोडे, गाड्या, माणसं सगळं होतं. पण चांदीचा मुलामा दिलेल्या त्या पत्र्यावर चित्र उमटायला कित्येक मिनिटं लागत आणि तेवढा वेळ जे हललं ते उमटलंच नाही. फोटोत रस्ता ओस पडलेला आहे. फक्त एका कोपऱ्यावर एक गृहस्थ दिसतात, एक पाय वर ठेवून उभे, आणि त्यांच्या पायाशी एक धूसर आकृती. गृहस्थ बूट पॉलिश करून घेत होते. फोटोत सापडलेला जगातला पहिला माणूस म्हणून लोक त्यांचं कौतुक करतात. मला कौतुक वाटतं ते पायाशी बसलेल्याचं. त्या सकाळी काम करणाऱ्यांपैकी तेवढा एकच इतिहासात आला, कारण त्याचं काम एका जागी बसून करायचं होतं. तोही धूसरच. हात चालू होते ना.

उलट, कष्टकऱ्यांची जी जुनी चित्रं आपण बघतो त्यांत सगळे कसे स्वच्छ दिसतात. इंग्रज साहेबांना मायदेशी न्यायला म्हणून कंपनीच्या काळातल्या चित्रकारांनी हिंदुस्थानातल्या धंद्यांचे संचच्या संच रंगवले: लोहार, सुतार, पखालवाला, धोबी. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडलं. तिथे मातीच्या छोट्या बाहुल्यांमधून असेच जातीजातीचे, धंद्याधंद्याचे लोक मांडलेत. फार सुंदर काम आहे, मी तिथे गेलो की तासभर हलत नाही. पण संचांतला माणूस बहुतेक वेळा आपलं हत्यार हातात धरून आपल्याकडे बघत उभा असतो. काम थांबवून उभा असतो. त्या उभं राहण्याचे पैसे त्याला मिळाले का, हा प्रश्न मला हल्लीच पडायला लागलाय. चित्रकार धुरंधरांची गोष्ट वेगळी. मुंबईच्या रस्त्यावरची माणसं त्यांनी पोस्टकार्डांवर चितारली ती बघताना असं वाटतं की माणूस चालत राहिला आणि हात त्याच्यामागे गेला. पण तो हात सर ज. जी. कला महाविद्यालयात मुरलेला होता, आणि धुरंधरांना साबुदाण्याची आडकाठी नसावी.

आमच्या चित्राला घरात जागा मिळाली ती सहजासहजी नव्हे. मामांनी ते गुंडाळी करून कपाटावर टाकलं होतं, बायकोने मागून घेतलं. मी फ्रेमवाल्याकडे नेलं. त्याने काउंटरवर पसरलं, थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "साहेब, पूर्ण झाल्यावर आणताय का?" म्हटलं, असंच आहे. त्याने पट्टी लावली, मान तिरकी केली. "मग असं करू. डावीकडचा भाग माउंटखाली घेतो. कुत्रा आणि ते शेठ मस्त आलेत, तेवढेच ठेवू. फ्रेम लहान होईल, पैसेही वाचतील." डावीकडचा भाग म्हणजे ते सहा हमाल. माणूस धंद्याला सचोटीचा होता, माझे पैसे वाचवत होता. मी पूर्ण कागदाची फ्रेम सांगितल्यावर त्याने पावतीवर लिहिलं: "अर्धवट चित्र, गिऱ्हाइकाच्या जबाबदारीवर."

आलेगेले आपापल्या परीने बोलतात. "रंग संपले का हो?" हा प्रश्न मराठी माणूस चहाच्या पहिल्या घोटाबरोबर विचारतो. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "हप्त्याहप्त्याने काढतायत वाटतं." बायकोची एक मैत्रीण प्रदर्शनं वगैरे बघणारी. ती बराच वेळ चित्रासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "कसलं धाडस आहे! श्रमाला चेहरा नसतो, हे त्यांनी न रंगवून सांगितलंय." मला हे इतकं पटलं की मी त्याच संध्याकाळी मामांना फोन केला. "मामा, हमालांचे चेहरे तुम्ही मुद्दाम सोडलेत ना?" मामा म्हणाले, "मुद्दाम कसले? ट्रक रिकामा झाला."

मुद्दाम अपुरं ठेवणारेही होऊन गेलेत, नाही असं नाही. अमेरिकेत गिल्बर्ट स्टुअर्टने १७९६ साली जॉर्ज वॉशिंग्टनचं चित्र चेहऱ्यापर्यंत आणून सोडून दिलं. पूर्ण केलं की गिऱ्हाइकाला द्यावं लागणार, त्यापेक्षा अपुरं आपल्याजवळ ठेवायचं आणि त्यावरून नकला करकरून विकायच्या. या नकलांना तो आपल्या शंभर डॉलरच्या नोटा म्हणायचा. पुढे त्याच चेहऱ्यावरून एक डॉलरच्या नोटेवरचे वॉशिंग्टन आले, म्हणजे थट्टा थोडी महागात गेली आणि थोडी स्वस्तात. त्याच्याही कितीतरी आधी रोमच्या प्लिनीने लिहून ठेवलंय की चित्रकार गेल्यामुळे अपुरी राहिलेली चित्रं पुऱ्या झालेल्या चित्रांपेक्षा जास्त वाखाणली जातात, कारण उरलेल्या रेघांत चित्रकाराचा विचार चालताना दिसतो. हा प्लिनी इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक जवळून बघायला म्हणून निघाला, आणि त्याचं ते निरीक्षण अपुरं राहिलं. मामा खुशाल आहेत, देव करो आणि तसेच राहोत. त्यामुळे प्लिनीचं कौतुक त्यांना लागू पडत नाही.

मला या चित्रातलं सगळ्यात आवडतं ते विचाराल तर ती पोटरी. तिसऱ्या हमालाची, डावी. तिच्या वर गुडघ्यापाशी रंग थांबतो आणि त्यापुढचा माणूस नुसत्या रेघेचा. तेवढाच तुकडा का, याचं कारण मामांनी सांगितलं. आत थप्पीपाशी काहीतरी अडलं, पुढचे दोघे थांबले, आणि हा पाठीवर पोतं घेऊन पायरीसमोर खोळंबला. मामा बसलेले खाली, त्यांच्या डोळ्यांसमोर आली ती पोटरी. ज्याच्या पाठीवर पन्नास किलो आहे तो थांबला म्हणजे काही विसावला नाही. उलट चालताना वजन या पायावरून त्या पायावर जातं, थांबल्यावर ते जागच्या जागी उतरत राहतं. ते सगळं त्या पायात उतरलेलं दिसतं. पिंडरीची गाठ बाहेरच्या अंगाला सरकलेली, तिच्याखाली शीर तटतटलेली, टाच जमिनीत रुतल्यासारखी.

आणि तिचा रंग! आमच्या लहानपणी पेटीत एक फिकट गुलाबी पेन्सिल असायची, तिला सगळी मुलं 'स्किन कलर' म्हणायची. अख्ख्या वर्गात त्या रंगाचा एक मुलगा नव्हता, पण आमच्या वह्यांतले शेतकरी, कोळी आणि महाराजांचे मावळे झाडून सगळे त्याच रंगाचे. अमेरिकेत क्रेयोला कंपनीने आपल्या 'फ्लेश' नावाच्या खडूचं नाव १९६२ मध्ये बदलून 'पीच' केलं, ती बातमी आमच्या शाळेपर्यंत काही आली नाही. मामांनी ती पेन्सिल कुत्र्याच्या कानासाठी वापरली. पोटरीला त्यांनी आधी गडद निळा घेतलाय. निळा! त्यावर विटकरी, त्यावर तपकिरी दोनदा, कडेला शेवाळी, आणि शीर जिथे उन्हात येते तिथे कागद कोरा सोडलाय, तांदळाच्या दाण्याएवढा. चार पावलांवरून बघितलं तर घामाने चमकणारी काळीसावळी कातडी दिसते. जवळ जाऊन बघितलं तर निळी जांभळी जाळी. मी चष्मा काढून आणि घालून, दोन्ही प्रकारे पुष्कळदा बघितलंय. निळा कुठे जातो ते कळत नाही.

ती पोटरी खोळंबली तेवढ्या वेळात एवढे थर कसे चढले, असं मी विचारलं, तर मामा म्हणाले की रेघ आणि निळा समोर बघून, बाकीचे थर घरी. मग बाकीचे हमाल घरी का नाही पुरे केले? यावर मामा जरा गप्प राहिले. मग म्हणाले, "आठवणीतनं काढायचे तर फुगेवालाच आला असता रे."

चित्रात एक बाई आहेत, त्यांच्याबद्दल आधी सांगायला हवं होतं, पण त्या अशा कोपऱ्यात बसल्यात की पाहुण्यांनाही उशिराच दिसतात. दिवाणजींच्या मागे, गाळ्याच्या दारापाशी, सांडलेलं धान्य गोळा करून पाखडायला बसलेल्या. बसलेल्या म्हणून त्यांचं लुगडं हिरव्याच्या तीन छटांत पूर्ण झालंय, कपाळावरचं गोंदणसुद्धा आलंय. दोन्ही हातांच्या जागी मात्र गोंधळ आहे. सुपाच्या कडेला बोटं चार ठिकाणी काढलीत. मनगटाच्या रेघा तीन-तीन. बांगड्या हातांपासून सुटून हवेत. सूप वर गेलेलंही आहे आणि खाली आलेलंही. मामा याला कच्चं काम म्हणतात. मला कागदावर दुसरीकडे कुठे पाखडण्याचा आवाज ऐकू आलेला नाही.

अजिंठ्याला जाणारे लोक पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या, सतराव्या लेण्यात गर्दी करतात, आणि बरोबरच आहे. सोळाव्यात वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. हे लेणं आपण करवलं असं त्याने नावानिशी सांगितलंय. पण कधी पाय साथ देत असतील तर पुढे चोवीस क्रमांकाच्या लेण्यापर्यंत जावं. ते पुरं झालं असतं तर तिथल्या मोठ्यांपैकी एक झालं असतं. काम मध्येच थांबलं. काही खांब घडवलेले, काही अजून डोंगरातच अडकलेले, भिंतींवर छिन्नीचे घाव जसेच्या तसे. छतापासून खाली कसे कोरत आले, दगड कसा कापत नेला, एक जण कुठवर पोचला आणि थांबला, सगळं वाचता येतं. दात्याचं नाव नाही, पाथरवटाचा हात आहे. पुऱ्या झालेल्या लेण्यांत तो हात गुळगुळीत करून टाकलाय, तेही त्यानेच.

मामा त्या कागदावर पुढे काही करणार नाहीत हे आता घरात सगळ्यांनी धरून चाललंय. पण ट्रक रिकामा झाल्यानंतर त्यांनी त्यावर एक गोष्ट केली आहे, आणि ती टोळीच्या सांगण्यावरून.

काम संपल्यावर हमाल पायरीपाशी चहाला जमले आणि चित्र हातोहात फिरलं. मामा सांगतात, इतकी वर्षं परीक्षक बघितले, पण छाती एवढी कधी धडधडली नव्हती. चेहरे नाहीत, पाय नाहीत, एकाला तर काहीच नाही. ही माणसं काय म्हणतील? कुत्रा बघून सगळे हसले. दिवाणजींचं टक्कल बघून जास्त हसले. मग डोकं नसलेला जो पहिला, त्याने आपली जागा ओळखली, कारण पाठीवरचं फडकं त्याचं होतं. मामांनी घाईने सांगून टाकलं, "डोकं राहिलंय. पुढच्या खेपेला काढतो."

"डोकं ऱ्हाऊ द्या मास्तर," तो म्हणाला, आणि त्याने गाळ्याच्या आतल्या भागावर बोट ठेवलं. मामांनी तिथे थप्पी काढली होती. छान काढली होती, एकावर एक, सगळी पोती एका रेषेत, सगळ्यांची तोंडं बाहेर. "अशी थप्पी लावत्यात व्हय? एक थर आडवा, एक उभा, त्वांडं आत. ही दुपारपत्तुर ऱ्हायची न्हाई. खाली ह्या मावशी बसल्यात."

खरंच, मावशी बरोबर थप्पीखाली बसल्या होत्या. मामांनी खोडरबर काढलं. मेणाचा रंग, तो काय निघणार. तपकिरी थोडा फिकट झाला, कागद थोडा खरवडला, थप्पी होती तिथेच. टोळी बघत उभी. शेवटी मामांनी सगळ्यात गडद पेन्सिल उचलली आणि थप्पीला खालून एक बांबू टेकवला, चांगला जाडजूड, दाबून.

"बांबूनं काय हुतंय," म्हणून तो हमाल चहा प्यायला गेला.